पाळण्यातला वरवंटा

अवरेकाई आली. मल्लेश्वरमच्या बाजाराच्या कोपऱ्यावर हातगाडीवर शेंगांचा ढीग लागला, आणि मी वळायच्या आधीच वास नाकात शिरला. बेंगळुरात ज्यांनी हिवाळा काढला नाही त्यांना हा वास सांगून कळायचा नाही. शेंग तेलकट असते, धरली की बोटांना चिकटते, आणि दवात ठेवलेल्या तुपासारखा काहीतरी दरवळ हातावर दिवसभर राहतो. इथले लोक त्याला सोगडु म्हणतात. आमच्या घरात तीन-चारशे वर्षं मराठी बोलतात, पण ह्या वासाला मराठी शब्द आम्हाला सापडला नाही, म्हणून आम्हीही सोगडुच म्हणतो.

गाडीवाल्यानं ओळखीनं विचारलं, अज्जा, किती देऊ? मी पुढं गेलो. त्याला वाटलं भाव जास्त वाटला असेल. मागून ओरडला की स्वल्प कमी करतो, या. त्याला काय सांगू?

रेणू म्हणाली होती, अवरेकाईच्या दिवसांत येते.

रेणू माझी एकुलती एक. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. जावई महेश निपाणीकडचा. आधी होसकोट्याला कारखान्यात होता, मग इंडोनेशियातल्या एका सूतगिरणीनं बोलावलं म्हणून दोघं तिकडं गेली. तिथं बेटाबेटावर डोंगर धुमसतात आणि जमीन हलते. आपल्याकडं वीज गेली की आपण जसे मेणबत्ती शोधतो, तसे तिथले लोक उठून अंगणात जाऊन उभे राहतात आणि थांबलं की परत आत येऊन जेवायला बसतात, असं ती सांगायची. ती हसत सांगायची. मला हसू यायचं नाही. मी दगडाचा माणूस.

आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडं आले ते किल्ल्याचा दगड घडवायला, असं वडील सांगत. मी पाटे घडवले, वरवंटे घडवले, देवळाच्या पायऱ्या, पिंपळाखालचे नाग. घरोघर जाऊन गुळगुळीत झालेल्या पाट्यांना टाकी लावली. मिक्सर आले आणि पाटे माळ्यावर गेले, तेव्हा फाटकांचे खांब घडवले, पण दुसऱ्या धंद्याला हात लावला नाही. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. शाळा तिसरीत सुटली, तीही कानडी. मराठी अक्षरं वडिलांनी दगडावर खडूनं काढून दिली आणि म्हणाले, कोर. म्हणून अजून माझं अक्षर कागदाच्या मागच्या बाजूला हाताला लागतं.

ह्या गावाखाली जो दगड आहे तो हलत नाही. हेब्बाळच्या बाजूला पूर्वी उघडे खडक होते, आता त्यावर काचेच्या इमारती आहेत. त्या खडकावर मी उन्हात पाठ टेकून झोपलो आहे. संध्याकाळी सगळं गार झालं तरी तो पाठीला ऊब देत असे. माझी सगळी भिस्त त्याच्यावर. माणसं हलतात, घरं विकली जातात, झाडं तोडतात, खडक असतो तिथं असतो. असं मी सत्तर वर्षं धरून चाललो.

एकदा रेणूनं फोनवर चित्र पाठवलं. डोंगराच्या तोंडातून लाल रस वाहत होता. मी म्हणालो, हे काय, लोखंड? ती म्हणाली, दगड आहे अण्णा, दगडच, पातळ झालेला. मी म्हणालो, दगड फुटतो, झिजतो, पातळ होत नाही, मला शिकवू नको. तर ती म्हणाली, "तुमचा हेब्बाळचा दगडही कधीतरी असाच पातळ होता, अण्णा. फक्त थंड झाला."

मी फोन ठेवला आणि तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मला त्यावरून फार बोलून घेतलं. अक्का माझ्याकडंच असते. ह्या वयातही ती मला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ, आणि धाकट्याला बोलावं तसंच बोलते. म्हणाली, तम्मा, पोरीशी अबोला, तोही दगडावरून? तुझी बायको बरी, लवकर सुटली.

गेल्या वर्षी अवरेकाई आली तेव्हा रेणूला सातवा लागला होता. लग्नाला किती वर्षं झाली होती ते मोजायचं आम्ही कधीच सोडून दिलं होतं. अक्कानं नवस बोलायचंही सोडलं होतं. आणि मग एके दिवशी रेणूचा फोन, आणि ती बोलेना, नुसती हसते. अक्कानं तांदळाचं सूप तसंच जमिनीवर ठेवलं आणि देवापुढं जाऊन बसली. दाणे सगळे घरभर.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं, मग माहेरच्या माणसानं जाऊन लेकीला घेऊन यायचं. मूळ जायचं म्हणतात त्याला. ती एकटी विमानात बसून सहाव्यात आली असती, पण असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही, तिच्याही नाही. ओटी भरल्याशिवाय लेक निघते होय? गिरणीतल्या चार घरच्या बायकांनी तिकडं तिची ओटी भरली. हिरवी साडी नेसलेला फोटो आला. मागं खिडकीत तो डोंगर, डोक्यावर पांढरा धूर, एखाद्या घरावर स्वयंपाकाचा असावा तसा.

तिला भाऊ नाही, तेव्हा मूळ मीच जाणार. पासपोर्ट काढला. त्या आधी मी विमान फक्त खालून पाहिलेलं. आणि मी वरवंटा घडवायला घेतला.

आमच्याकडं बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात. त्याला न्हाऊ घालतात, तेल लावतात, टोपडं घालतात, दुपट्यात गुंडाळतात, आणि बायका त्याला पाळण्याखालून देतात, वरून घेतात, देवाची नावं घेत. मग त्याच्या शेजारी बाळाला निजवतात. बाळानं दगडासारखं टणक व्हावं, टिकावं. पाळण्यात आधी कोणीतरी असलं पाहिजे, जे हलणार नाही. लोक घरातला जुना वरवंटा घेतात. माझ्या नातवंडाला जुना का? खाणीत जाऊन तुकडा निवडला. डोळ्यांना मोतीबिंदू, हाताला कंप, तरी घडवला. पूर्वी असा वरवंटा सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत व्हायचा. ह्याला बरेच दिवस लागले. अक्का उंबऱ्यात बसून भिजवलेले अवरे चिमटीत दाबून सोलायची, तो चिमटीतून दाणा सुटल्याचा बारीक आवाज आणि माझ्या टाकीचा आवाज. एवढंच त्या सकाळी घरात असायचं. तसं सुख मला परत मिळालं नाही.

रेणू इथंच बाळंत होणार होती, तेव्हा वरवंटा घेऊन जायची काही गरज नव्हती. अक्का तेच म्हणत होती. पण मला तो तिला तिच्या घरी दाखवायचा होता. तिनं त्यावरून हात फिरवावा, मग ती, मी आणि वरवंटा, आम्ही तिघं परत यावं. म्हणून हातातल्या पिशवीत घेतला. पेटीत घालून द्यायला तो काय कोबीचा गड्डा आहे?

विमानतळावर खाकीतल्या एका मुलीनं यंत्रात बघितलं आणि दोन्ही हातांनी तो बाहेर काढला. दिल्लीकडची असावी. विचारलं, हे काय. मी म्हणालो पत्थर. म्हणाली, दिसतोय पत्थर, पण कशाला? मी सांगितलं, नातवंडासाठी. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग मी सगळं सांगितलं, माझ्या हिंदीत, टोपडं, तेल, पाळणा. ती हसली, तिच्या साहेबाला बोलावलं, तोही हसला. पण सोडीनात. हत्यार म्हणाले. माझ्या वरवंट्याला हत्यार. साहेब म्हणाला, दगड ठेवा आणि तुम्ही जा, नाहीतर परत जाऊन सामानात द्या. मी म्हणालो, दगड आला तरच मी येतो.

आम्ही असे वाद घालत असताना पलीकडं खुर्च्यांवरची माणसं उठून विमानांच्या वेळांच्या फळ्याखाली जमली. डोंगर फुटला होता. राख आभाळात इतकी वर गेली होती की विमानं उडणार नव्हती. त्या मुलीनं वरवंटा माझ्या हातात परत दिला, पदरात मूल द्यावं तसा, आणि म्हणाली, दादाजी, सँभालके.

अक्का गल्लीत अजून सांगते की तम्मा दगडापायी राहिला. मी दगडापायी राहिलो नाही, राखेपायी राहिलो. एवढं लिहून ठेवतो.

मग सुरू झाले ते दिवस. रोज टीव्ही. रोज राख. रेणू सांगायची की चाळलेल्या रांगोळीसारखी पडते, दोरीवरच्या कपड्यांवर, भातात, पापण्यांवर. पाऊस आला की ती जड होते आणि कौलं खाली येतात, म्हणून लोक छपरं झाडतात. महेश गिरणीतून येतो तेव्हा पांढरा असतो, म्हातारा दिसतो. राख थांबली तेव्हा तिला आठवा लागून बरेच दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, आता विमानात बसायचं नाही. मी म्हणालो, मग मी येतो, इथं नाही तर तिथं, बाप जवळ असावा. महेश फोनवर आला. चांगला मुलगा आहे, कधी वर आवाज करून बोलत नाही. म्हणाला, "अण्णा, पळायची वेळ आली तर मी तिला सांभाळू की तुम्हाला?"

मी सरी, म्हणजे बरं, म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सबंध आयुष्य ह्या पाठीवर दगड वाहिले, आणि आता मीच एक ओझं झालो होतो.

मग जमीन हलायला लागली. दिवसातून कितीदा तरी, थोडी थोडी. रेणूनं दाराच्या चौकटीला दोऱ्यानं एक चमचा टांगला होता. तो झुलला की बाहेर जायचं. गल्लीत बांबूचं एक पोकळ नळकांडं टांगलेलं असतं, पहिल्यांदा ज्याला कळेल तो ते बडवतो. फोनवर मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी म्हणालो, कोणीतरी दगड घडवतंय का गं? टक टक टक, अगदी टाकीसारखा, आमच्या अंगणातला. ती म्हणाली, हो अण्णा, घडवतायत, ठेवते आता. नंतर कळलं.

त्या दिवसांत मला बेंगळुरातली प्रत्येक गोष्ट हलताना दिसायची. मेट्रो वरून गेली की खांबाला हात लावून बघायचो. तांब्यातलं पाणी थरथरलं की उठून उभा राहायचो. अक्का म्हणायची, तम्मा, बस, ट्रक गेला. पायाखालचा माझा दगड मुकाट, घट्ट, माझ्या काही उपयोगाचा नाही. जिला हवा तिच्या पायाखाली तो नव्हता. उचलून नेता येत असता तर नेला असता. एक हातभर तुकडा न्यायला निघालो होतो, तोही गेला नाही.

मोठा धक्का बसला त्या दिवशी अक्का अवरेची आमटी फोडणीला टाकत होती. टीव्हीवर गावाचं नाव आलं. आम्ही फोन लावला, लागेना. महेशचा लागेना. गिरणीचा लागेना. निपाणीला त्याच्या बहिणीला लावला, तीही तिकडं लावत बसलेली. आमटी जळली. कोणी खाली उतरवली नाही. तो वास, करपलेल्या सोगडुचा, माझ्या नाकातून गेलेला नाही, आणि ह्या वर्षी गाडीवर हिरव्यागार शेंगा बघितल्या तरी मला तो करपलेलाच येतो.

दोन दिवस काही कळलं नाही. ह्या दोन दिवसांबद्दल मला लिहिता येणार नाही. मी वरवंटा मांडीवर घेऊन बसलो होतो, असं अक्का सांगते. मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी महेशचा आवाज आला. दवाखाना रिकामा करून सगळे रोगी शाळेच्या मैदानात ताडपत्रीखाली आणले होते. तिथं रेणू बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. मुलगी. दोघी ठीक. शेजारची एक म्हातारी जवळ होती, रेणू तिला ईबू म्हणते, तिकडं आईला ईबू म्हणतात. तिचं घर त्याच सकाळी बसलं होतं, आणि ती आपलं घर सोडून माझ्या मुलीचा हात धरून बसली. मी त्या बाईला पाहिलं नाही. तिची भाषा मला येत नाही. नमस्कार कसा पोचवायचा तेही माहीत नाही.

बारशाला अक्कानं माळ्यावरचा पाळणा काढला, रेणूचाच, पितळी कड्यांचा. गल्लीतल्या बायका आल्या. अवरेच्या घुगऱ्या केल्या. तांब्याला टेकवून फोन उभा केला, त्यात निळ्या ताडपत्रीखाली रेणू, तोंड सुकलेलं, आणि तिच्या मांडीवर मुठीएवढं काहीतरी गुंडाळलेलं. इकडं आम्ही वरवंट्याला न्हाऊ घातलं, टोपडं घातलं, खालून वरून दिलं घेतलं आणि पाळण्यात ठेवलं. मी दोरी धरली. नाव महेशची बहीण निपाणीहून फोनवरच सांगणार होती. ती बोलायला लागली आणि चित्र हललं. मला वाटलं रेंज. मग ताडपत्रीच्या दोऱ्या दिसल्या, ताठ, थरथरणाऱ्या. रेणू बाळावर पालथी झाली, सगळ्या अंगानं. टक टक टक. आणि फोन काळा पडला.

घुगऱ्यांच्या वाट्या बायकांच्या हातात तशाच. कोणी घास घेतला नाही, कोणी वाटी खालीही ठेवली नाही. अक्का म्हणाली, "दोरी सोडू नको, तम्मा."

मी सोडली नाही. दुपार कलली तेव्हा फोन आला, की सगळे आहेत. नाव मला नंतर कळलं. अवनी. मी संतापलो. जी जमीन जिवावर उठली तिचं नाव पोरीला? रेणू म्हणाली, तिच्याशी भांडून कसं चालेल अण्णा, तिच्यावरच राहायचंय.

रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. आणि बाळाला शेजारी ठेवल्याशिवाय वरवंटा काढायचा नसतो. म्हणून तो अजून पाळण्यातच आहे, टोपडं घालून, ओसरीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कमरेला पाळणा लागतो. पोस्टमन एकदा आत डोकावला आणि दचकला. अक्का म्हणते, लोक हसतात. हसू देत. जाता-येता मी दोरी ओढतो. माझी नात येऊन त्याच्या शेजारी निजेल तेव्हा तो निघेल, त्याआधी नाही.

अवरेकाईच्या दिवसांत येते, म्हणाली होती. तिकिटंही काढली होती. आणि आता डोंगर परत जागा झाला आहे. ह्या वेळी विमानं चालू आहेत, राख दुसऱ्या बाजूला जाते. यायचं म्हटलं तर ती उद्या येऊ शकते. पण ती येत नाही. वरच्या वस्तीतली माणसं खाली शाळेत आणली आहेत, त्यात ईबू आहे, आणि रेणू तिथं रोज भात शिजवते. महेशची गिरणी चालूच आहे. म्हणाली, मी आत्ता कशी येऊ अण्णा, माझ्या वेळी ही सगळी होती. हा हट्ट कुठून आला ते मला कोणी सांगायला नको. तरी मी बोललो. म्हणालो, तू नको येऊस, पोरीला तरी पाठव, महेश आणून सोडेल, अक्का आहे, मी आहे.

ती म्हणाली, "तुम्ही मला पाठवलं असतं?"

मी फोन अक्काच्या हातात दिला.

काल मी परत त्या कोपऱ्यावर गेलो आणि शेंगा घेतल्या. भाव केला नाही. आज सकाळी अक्का उंबऱ्यात बसून सोलत होती. चिमटीत दाबलं की दाणा टुणकन उडतो आणि साल बोटांत राहतं. लहानपणी रेणू ते पकडायला हात पसरून बसायची. मला ते बघवेना, म्हणून मी पाळण्यापाशी गेलो. दुपट्यातून हात घालून वरवंट्याला लावला. गार. पूर्वी कधीतरी हाही लाल होता, वाहत होता, ह्याच्यावरही कोणाला उभं राहता आलं नसतं. हे मी आता मानतो. किती काळ लागला असेल गार व्हायला? रेणूला एकदा विचारलं होतं. म्हणाली, आपल्या हिशोबात बसत नाही अण्णा. मग माझ्या हिशोबात मी काय धरायचं? माझ्यापाशी आता फार तर काही अवरेकाईचे हिवाळे उरलेत.

तेवढ्यात तिचा फोन आला. अवनी जमिनीवर बसली होती, अंगठा तोंडात. दोन दात आलेत. अक्का सूप घेऊन जवळ आली. मी एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातानं सवयीनं दोरी ओढत होतो. रेणू सांगत होती की आज ईबूनं मासे दिले. तिच्या मागं दाराच्या चौकटीला तो चमचा. तो झुलायला लागला.

मला तो तिच्या आधी दिसला. टक टक टक. रेणूनं मागं वळून बघितलं, न घाबरता, आणि पोरीला काखेत उचललं. आणि पोर हसत होती. दोन्ही दात दाखवून, खदखदून.

"हललं की ही अशी हसते, अण्णा," रेणू दाराकडं जाता जाता म्हणाली. "तिला पाळणाच वाटतो."

चित्र गेलं.

माझ्या हातातून दोरी सुटली. पाळणा आपल्या झोकानं हलत होता, पितळी कड्या कुरकुरत होत्या. मी पुढं झालो आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं, वरवंट्यासकट, छातीशी. अक्का म्हणाली, तम्मा, काय करतोस, सोड, हलू दे त्याला.

मी हलू दिला नाही.